पांढरी मुळी चालली पाहिजे

मोसंबीच्या झाडाला आम्ही दरवर्षी मुद्दाम तहान लावतो. पावसाळा सरून थंडी पडली की डिसेंबरात बागेचं पाणी तोडायचं. रान हलकं असेल तर महिनाभर, भारी असेल तर दीड-दोन महिने. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, काही गळतात. झाडाची वाढ थांबते आणि पानांत तयार झालेलं अन्न काड्यांत साठून राहतं. मग जानेवारीत आंबवणीचं हलकं पाणी, पुढं दुसरं पाणी म्हणजे चिंबवणी, आणि त्यानंतर नेहमीच्या पाळ्या. ताण तुटला की थोड्याच दिवसांत कोवळी नवती, म्हणजे नवी पालवी, आणि पांढरी फुलं बरोबरीनं बाहेर पडतात. सकाळी बांधावर पाऊल टाकलं की वास अंगावर येतो. आंबिया बहार तो हाच.

जालना, बदनापूर, अंबड, घनसावंगी, पैठण, पाचोड या पट्ट्यात ताण किती द्यायचा हे घरोघरी कळतं. आमचे आबा पान मुठीत चुरगाळून बघत, बोटांनी आळ्यातली माती उकरत आणि म्हणत, "अजून आठ दिवस थांबा, झाड तयार नाही." त्यांना शास्त्रातली भाषा येत नव्हती, पण झाडाची सोसायची हद्द कुठं आहे ते त्यांना नेमकं कळत होतं.

हा झाला आपण दिलेला ताण. तो कधी तोडायचा ते आपल्या हातात असतं. एप्रिल-मेमध्ये आभाळ जो ताण देतं, तो कधी तुटणार हे कुणालाच ठाऊक नसतं. तेव्हा झाडावर लिंबाएवढी फळं असतात, पारा ४२-४३ अंशांवर गेलेला असतो आणि विहिरीनं तळ गाठलेला असतो. त्या दिवसांत झाडाला आपण काय देऊ शकतो आणि काय दिलं तरी वाया जातं, याबद्दल मला मनापासून लिहायचं आहे. नेमक्या याच दिवसांत कृषी सेवा केंद्राच्या फळीवरून सगळ्यात जास्त बाटल्या उतरतात. कुणी त्यांना टॉनिक म्हणतं, कुणी स्टिम्युलंट. सरकारी कागदावर त्यांचं नाव जैव-उत्तेजक.

२०१२-१३ चा दुष्काळ आमच्या पट्ट्यातला माणूस विसरणार नाही. कॅनॉल कोरडा, बोअर कोरडे, टँकरचं पाणी विकत घेऊन झाडाच्या बुडाशी बादलीनं ओतायचं. ज्यांना ते झेपलं नाही त्यांनी पंधरा-वीस वर्षांच्या बागांवर कुऱ्हाड चालवली. मोसंबी फळाला यायला पाच-सहा वर्षं जातात; लेकरासारखी वाढवलेली ती झाडं सरपणाच्या भावानं ट्रॅक्टरमध्ये भरून गेली. त्या उन्हाळ्यात एकाच बांधाच्या अलीकडं आणि पलीकडं दोन बागा होत्या. विहिरी सारख्याच आटलेल्या, माती एकच. एक बाग मे अखेरीस वाळून कोळ झाली, दुसरी पानं टाकून का होईना, जूनपर्यंत टिकली आणि पहिल्या पावसावर फुटली. टिकलेल्या बागेच्या मालकानं फेब्रुवारीतच ठरवलं होतं की यंदा फळ घ्यायचं नाही. सगळी फळं झाडून टाकली, फांद्यांची छाटणी करून पानांचा पसारा कमी केला, खोडाला मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावली आणि आळ्यात गुडघ्याएवढं उसाचं पाचट भरलं. शिवाय त्याची कलमं रंगपूर लाईम या लिंबूवर्गीय झाडाच्या खुंटावर, म्हणजे त्याच्या मुळावर बांधलेली होती, शेजाऱ्याची जंभेरीच्या खुंटावर. रंगपूर दुष्काळाला जंभेरीपेक्षा चिवट. त्यानं बाटल्या वापरल्याच नाहीत असं नाही, पण त्या सगळ्यात शेवटी.

आता झाडाच्या आत काय होतं ते बघू. माती कोरडी पडायला लागली की पहिली खबर मुळांना लागते. अॅबसिसिक आम्ल नावाचं संप्रेरक पानांपर्यंत पोचतं आणि पानाखालची पर्णरंध्रं मिटतात. पाणी उडून जायचं थांबतं, पण त्याबरोबर पानाचं थंड होणंही थांबतं आणि अन्न तयार करायचं कामही मंदावतं. ऊन मात्र पानावर पडतच राहतं. वापरता न आलेल्या त्या ऊर्जेतून ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात आणि ती पेशींची पातळ आवरणं जाळतात. झाड गप्प बसत नाही. ते प्रोलीन, बिटेन असे पदार्थ तयार करून पेशीत पाणी धरून ठेवतं, घातक ऑक्सिजन विझवणारी विकरं (एन्झाइम) वाढवतं. तरीही निभत नसेल तर देठापाशी इथिलीन वाढतं आणि फळ गळतं. मे महिन्यात झाडाखाली हिरव्या गोळ्यांचा सडा पडतो तो असा. आम्ही त्याला फळगळ म्हणतो आणि रोग समजून औषध मागायला धावतो. बऱ्याचदा झाड स्वतःचा जीव वाचवत असतं.

जैव-उत्तेजकांचं काम या साखळीत मध्येच कुठंतरी हात द्यायचं. ती खतं नाहीत, त्यांच्यातून झाडाला जेवण मिळत नाही. ती कीटकनाशकंही नाहीत. अगदी थोड्या मात्रेत दिल्यावर झाडाच्या आतली कामं जागी करायची, म्हणजे मूळ वाढवायचं, अन्नद्रव्य उचलायची ताकद वाढवायची, ताण सोसायची तयारी करायची, एवढंच त्यांच्याकडून अपेक्षित आहे. जागं व्हायला झाडात काहीतरी शिल्लक असावं लागतं, आणि सगळी गोम तिथंच आहे.

या सगळ्यांत समुद्री शेवाळाचा अर्क मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. त्याचं कारण त्या शेवाळाच्या जगण्यातच आहे. अॅस्कोफायलम नावाचं तपकिरी शेवाळ आयर्लंड, नॉर्वे, कॅनडाच्या थंड किनाऱ्यांवर खडकाला धरून वाढतं. भरती आली की पाण्यात, ओहोटी लागली की तासन् तास उघड्यावर, कधी उन्हात तर कधी गोठवणाऱ्या वाऱ्यात. दिवसातून दोनदा सुकून पुन्हा ओलं व्हायचं, हेच त्याचं आयुष्य. तग धरायला लागणारी बिटेन, मॅनिटॉल, वेगवेगळ्या शर्करा त्याच्या अंगात भरपूर असतात. आपल्याकडं तमिळनाडूत रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर बायका बांबूचे तराफे बांधून कप्पाफायकस नावाचं लाल शेवाळ वाढवतात. भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेनं ते ताजंच पिळून रस पिकांसाठी आणि चोथा कॅरागीनन हा खाद्यपदार्थ दाट करणारा पदार्थ काढण्यासाठी, अशी पद्धत बसवली. रामनाथपुरमच्या समुद्रात कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहणाऱ्या बायकांच्या कष्टाचा रस जालन्याच्या कोरड्या रानात पोचतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मोसंबी ही गोड संत्र्याच्याच जातकुळीतली. फ्लोरिडात हॅमलिन जातीच्या गोड संत्र्याच्या कुंडीतल्या कलमांवर अॅस्कोफायलमच्या अर्काचा प्रयोग झाला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. पाणी कमी केल्यावरही अर्क दिलेल्या कलमांनी दुष्काळ अधिक चांगला सोसला. मला ही गोष्ट उमेद देते. पण ती कलमं कुंडीतली होती, नर्सरीच्या वयाची होती. अंगावर पाचशे फळं घेऊन चुनखडीच्या रानात उभ्या असलेल्या दहा वर्षांच्या झाडाला तोच हिशेब जसाच्या तसा लागू पडेल असं धरून चालता येत नाही. आमच्या बागेत हा अर्क आम्ही ऊन तापायच्या आधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये फळ वाटाण्याएवढं असताना फवारतो, आणि नंतर पाण्याची पाळी झाल्यावर. सुकलेल्या, पान गुंडाळलेल्या झाडावर भर दुपारी कधीच नाही. रंध्रं मिटलेली असताना, पान तापलेलं असताना वरून काय मारलं तरी ते पानावरच वाळतं. वेळ सकाळची, नाहीतर दिवस कलल्यावरची. मात्रा लेबलवर असेल तेवढीच; या पदार्थांत दुप्पट दिलं म्हणून दुप्पट फायदा होत नाही, उलट वाढ खुंटलेली दिसते.

ह्युमिक आम्लाचं काम वेगळं. लिओनार्डाइट नावाच्या मऊ, कोळशाजातीच्या दगडातून ते काढतात. काळंभोर, ड्रीपमधून सोडायचं. आमच्या जमिनी चुनखडीच्या, सामू (पीएच) आठच्या वर, सेंद्रिय कर्ब बहुतेक ठिकाणी अर्ध्या टक्क्याखाली. अशा रानात लोह आणि जस्त मातीत असूनही झाडाला मिळत नाही, म्हणून नवतीची पानं शिरा हिरव्या आणि मध्ये पिवळी अशी निघतात. ह्युमिक आणि फुल्विक आम्लं ही द्रव्यं धरून ठेवतात आणि मुळाच्या टोकाला नवीन फाटे फोडायला लावतात. पण लिटरभर ह्युमिकनं जमिनीचा कर्ब वाढत नाही. त्यासाठी गाडीनं शेणखत लागतं, त्याला दुसरी वाट नाही.

माझा खरा जीव आहे तो जीवामृतात, आणि तो काकूंमुळे. घरामागं जांभळाच्या सावलीत दोनशे लिटरचा निळा ड्रम असतो. त्यात दहा किलो ताजं शेण, आठ-दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची ओंजळभर माती. ही रीत अमरावतीकडच्या सुभाष पाळेकरांनी गावोगाव पोचवली. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. काकू माती मात्र वडाखालचीच घेतात, जिथं कधी फवारा गेलेला नाही. सकाळ-संध्याकाळ लांब काठीनं ढवळायचं. दुसऱ्या दिवशी वर बारीक बुडबुड्यांचा फेस चढतो, शेणाचा उग्रपणा जातो आणि आंबूस-गोड वास येतो. काकू ड्रमवर वाकून वास घेतात आणि सांगतात, "झालं बघ तयार. उद्याच्याला सोड, परवावर नको ढकलू." उन्हाळ्यात ४८ तासांच्या आतच ते तयार होतं.

जीवामृतात खत किती, असा हिशेब केला तर नत्र अगदी नगण्य निघतं. म्हणून बरेच शिकलेले लोक त्याला हसतात. मला ते बरोबर वाटत नाही. ते झाडाला दिलेलं जेवण नव्हेच. मातीतल्या जिवाणूंना दिलेलं विरजण आणि गूळ-बेसनाची शिदोरी आहे. पण जिवाणूंना राहायला ओल आणि काडीकचरा पाहिजे. उघड्या, तापलेल्या, भेगाळलेल्या आळ्यात जीवामृत ओतणं म्हणजे आपल्या हातानं त्यांना मारणं. जीवामृताला फळ येत नाही म्हणणाऱ्यांच्या बागेत मी आधी खाली बघतो. आच्छादन नसतं.

आच्छादनाबद्दल थोडं सविस्तर सांगतो. सोयाबीनचं भुसकट, उसाचं पाचट, तुरीच्या काड्यांचा चुरा, गिरीपुष्पाचा पाला, जे हाती येईल ते फांद्यांच्या घेराखाली वीतभर जाड पसरायचं, फक्त खोडापासून हातभर जागा मोकळी ठेवायची, नाहीतर ओल धरून खोडाला डिंक्या रोग लागतो. एप्रिलच्या दुपारी असं आच्छादन हातानं बाजूला सारून बघा. वरचा थर कडक वाळलेला, त्याखाली काळपट, अर्धवट कुजलेला, बोटांना गार लागणारा. त्याखाली मातीचा दाणा सुटा सुटा, एखादा गांडूळ अंग आवळून आत सरकतो. खुरप्यानं दोन बोटं माती हलवली की जुन्या तपकिरी मुळातून फुटलेल्या, शेवईच्या जाडीच्या पांढऱ्या मुळ्या दिसतात. टोकं पिवळसर, ओली. हीच पांढरी मुळी. पाणी आणि अन्न उचलायचं काम हीच करते. आता शेजारच्या उघड्या आळ्यात खुरपं घाला. वर पांढरट क्षारांची पापडी, खाली ढेकूळ, आणि मुळ्या तपकिरी, टोकं आखडलेली. दोन्ही झाडांना पाणी सारखंच, बाटली एकच. फरक तुमच्या बोटांखाली आहे.

शेजारचा एक तरुण पोरगा दर उन्हाळ्यात फोन करतो, "दादा, गळ लागलीय, कोणतं टॉनिक मारू?" मी म्हणतो, "मुळी चालू आहे का बघितलीस?" पहिल्या वर्षी त्याला राग आला होता. आता तो फोन करायच्या आधी खुरपं घेऊन जातो आणि फोटो पाठवतो.

लिंबूवर्गीय झाडांची एक गोष्ट फार कमी सांगितली जाते. यांच्या मुळांना केसमुळं फार थोडी आणि आखूड असतात. इतर झाडं केसमुळांनी जे काम करतात, ते मोसंबी बरंचसं मायकोरायझा नावाच्या बुरशीकडून करून घेते. ही बुरशी मुळात शिरते आणि तिचे तंतू मातीच्या अशा बारीक फटींत जातात जिथं मूळ पोचत नाही. तिथून स्फुरद (फॉस्फरस), जस्त आणि पाणी आणून देते, बदल्यात झाडाकडून साखर घेते. नर्सरीतल्या रोपाला लावतानाच ती द्यावी, सगळ्यात जास्त फायदा तेव्हाच. आणि एकदा दिल्यावर स्फुरदाच्या गोण्या ओतू नयेत, कारण मातीत स्फुरद उदंड झालं की हा सोयरा घरातून निघून जातो. बुरशीनाशकाची आळवणी, म्हणजे द्रावण बुडाशी ओतणं, आणि मायकोरायझा एकाच आठवड्यात देण्यातही काही अर्थ नाही.

अमिनो आम्लांची फवारणी मोडलेल्या झाडाला उभारी देते, पण महाग पडते. केओलिनची पांढरी भुकटी सात-आठ टक्के द्रावण करून फवारली तर ऊन परतवते, फळ भाजत नाही; झाडं चुना मारल्यासारखी दिसतात, दिसू द्यावीत. एक टक्का पोटॅशियम नायट्रेटची फवारणी हा कृषी विद्यापीठाचा जुना सल्ला, तो खताचा भाग असला तरी रंध्रांची उघडझाप पोटॅशवर चालते हे लक्षात घेतलं की का सांगितलाय ते कळतं.

बाजाराबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. कितीतरी वर्षं या बाटल्यांवर कुणाचाच धाक नव्हता. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारनं खत नियंत्रण आदेशात जैव-उत्तेजकांचा समावेश केला. त्यात काय असावं, विषारीपणाची चाचणी, जड धातूंची मर्यादा, कीटकनाशकाचा अंश ०.०१ पीपीएमच्या वर नको, असे नियम आले. जुलै २०२५ मध्ये कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनीच सांगितलं की एके काळी तीस हजारांच्या आसपास उत्पादनं तपासणीशिवाय विकली जात होती, मग ती आठ हजारांवर आली आणि कडक तपासणीनंतर साडेसहाशेच्या जवळपास उरली. या आकड्यांकडं बघून माझ्या पोटात खड्डा पडतो. गावातल्या एका घरी त्या उरलेल्यांत न बसणाऱ्या एका उत्पादनावर बहाराचे सगळे पैसे गेले. फवारल्यावर चार दिवस बाग हिरवीगार झाली, नवतीला जोर आला आणि महिन्याभरात तीच नवती करपली. आत वाढ-संप्रेरक मिसळलेलं असावं असा मला दाट संशय आहे. ताणातल्या झाडाला वाढायला लावणं म्हणजे उपाशी माणसाकडून वेठ करून घेणं. चांगला जैव-उत्तेजक चार दिवसांत डोळे दिपवत नाही. बाटली घेताना पक्कं बिल मागावं, लेबलवर घटक आणि प्रमाणपत्राचा तपशील आहे का ते बघावं. दुकानदार नाराज झाला तरी चालेल.

आता ताण फक्त दुष्काळाचा राहिला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात जो पाऊस झाला त्यानं फळावर आलेल्या बागा दिवसेंदिवस पाण्यात उभ्या राहिल्या. पाण्याखालची मुळी हवा न मिळाल्यानं गुदमरते. मग पाण्यात उभं असलेलं झाडही तहानल्यासारखं पान टाकतं, आणि फायटोफ्थोरा बुरशी मुळांची साल सोडवते. मूळ चिमटीत धरलं की साल हातात, आत नुसता दोरा. अशा वेळी घाबरून लोकांनी पहिल्याच दिवशी ह्युमिक सोडलं. चिखलात मूळ श्वास घेत नसताना त्याला काहीही पाजू नये. आधी चर काढून पाणी बाहेर, मग बुडाशी बुरशीचा बंदोबस्त, खोडाला बोर्डो पेस्ट, वाफसा आल्यावर, म्हणजे मातीतलं जादा पाणी ओसरून नुसती ओल राहिल्यावर, वरच्यावर खुरपून माती मोकळी, आणि मग कुठं शेणखतात वाढवलेली ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी. रासायनिक बुरशीनाशक दिलं असेल तर ट्रायकोडर्माआधी मध्ये पंधरा दिवस जाऊ द्यायचे. नवीन पांढरा फाटा दिसल्यावर समुद्री शेवाळाची आळवणी. त्या बागांत यंदा ताण कसा द्यायचा, द्यायचा की नाही, हा आमच्याकडचा सगळ्यात मोठा प्रश्न आहे. माझं मत स्पष्ट आहे. ज्या झाडाची अर्धी मुळी गेली त्याला यंदा पाणी तोडू नका. एक बहार जाऊ द्या.

माझी मोसंबीवाल्या सगळ्यांना एक विनंती आहे. यंदा जे काही द्याल, शेवाळाचा अर्क असो की घरचं जीवामृत, त्यातून बागेच्या मधली एक ओळ पूर्ण वगळा. कडेची नको, कडेला वारा-ऊन वेगळं. त्या ओळीला पाणी, खत, आच्छादन सगळं सारखं, फक्त ती एक गोष्ट नाही. तिच्या पाच-सहा झाडांना आणि शेजारच्या ओळीच्या तितक्याच झाडांना फडक्याची चिंधी बांधा. मार्चमध्ये एकेक फांदी निवडून फळं मोजून वहीत लिहा, मे अखेरीस पुन्हा त्याच फांदीवर मोजा. जून लागला की दोन्ही ओळींत आच्छादन सारून मुळी बघा आणि फोटो काढा. बदनापूरच्या मोसंबी संशोधन केंद्रात हे प्रयोग शिस्तीत होतात, पण तुमचं रान, तुमचा खुंट, तुमचं पाणी तिथं नाही. दोन-तीन बहार असं झालं तर प्रत्येक गावाजवळ स्वतःचा हिशेब असेल. मी आमच्या बागेतली सातवी ओळ यंदा सोडणार आहे. मेचे आकडे आले की इथंच टाकतो, तुमचे पण पाठवा.